सुमेधनं मान वळवली

दादा, काल तुझा पाचवा दिवस झाला. विहारात खुर्च्या कमी पडल्या. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नुसतीच मान हलवून नाही म्हटलं. "ताई दुःखात आहेत," असं सूत्रसंचालन करणाऱ्यानं परस्पर सांगून टाकलं. मी दुःखात नव्हते. मी रागात होते आणि अजून आहे.

भंतेजी म्हणाले, या माणसाचा जीव कशातच अडकला नव्हता. तुझ्या कचेरीतले निवृत्त साहेब म्हणाले, यांनी कधी आपलं-परकं केलं नाही. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मनात म्हणत होते, साहेब, आपलं-परकं करायला आधी कुणीतरी आपलं असावं लागतं.

मग वाचनालयाचे ग्रंथपाल उठले. तू लिहिलेल्या 'बारवसंघ' मालेची सातही पुस्तकं त्यांनी जपून ठेवली आहेत म्हणे. दुष्काळात बारव राखणारे, काठी-कुऱ्हाड चालवणारे, घरदार सोडलेले तुझे ते भिक्षू. ग्रंथपाल म्हणाले, लोकांना वाटतं लेखक कोरडा होता, पण शेवटच्या पुस्तकाचं शेवटचं पान वाचा. आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. नायक सुमेध भिक्षू बारवेवर पाणी वाढतोय. ज्या उत्पलेवर त्याचा जीव आहे, ती रांगेतून येते.

"उत्पलेची घागर भरली. ती पायऱ्या चढू लागली तसा सुमेधनं तांब्या खाली ठेवला. त्यानं मान वळवली. मग तोही तिच्यामागं पायऱ्या चढू लागला. त्या दिवशी बारवेवर ज्यानं त्यानं पाणी वाढून घेतलं, आणि कुणालाच कमी पडलं नाही."

बायकांनी डोळे पुसले. भंतेजींनी मान डोलावली. त्या ओळी तुझ्या नव्हत्या, दादा. त्या माझ्या होत्या. हे सांगायला तू नव्हतास. तिसऱ्या रांगेत पांढऱ्या साडीतली एक बाई डोळे मिटून ते पान ओठांनी म्हणत होती, शब्द न चुकता. चाळीसेक वर्षांनी मी विमलला, माझ्या वसतिगृहातल्या मैत्रिणीला, पाहिलं.

तुझ्याशी माझं भांडण कुठे सुरू झालं ते मला नेमकं माहीत आहे. बहात्तरच्या दुष्काळात, रेणापूरच्या पलीकडं, पाझर तलावाच्या कामावर. तू सतरा वर्षांचा, खडी फोडायचास. मी अकरा वर्षांची, मायबरोबर पाट्या वाहायची. गावच्या विहिरीवर आपल्याला वरून पाणी वाढायचे, ते आपण जन्मापासून पाहत आलेलो. कामावर मात्र सगळ्यांची एकच रांग होती, आणि टँकरच्या पिंपावर पाणी वाढायला मुकादमानं बसवला तो आपलाच मामा. त्याच्या हातात डालड्याचं डबडं होतं. माझी घागर त्यानं काठोकाठ भरली. माझ्यामागं परगावची एक बाई होती, कडेवर लेकरू घेतलेली. तिची अर्धी भरली आणि म्हणाला, "चल, फुडं हो. पाणी संपून राहिलंय."

तू ते पाहिलंस. माझ्या हातातून घागर घेतलीस आणि अर्धी त्या बाईच्या घागरीत ओतलीस. मी रडले. घरी येऊन तू जेवला नाहीस. माय म्हणाली, "मामा हाय, लेकरा. आपल्याला न्हाई देणार तर कुणाला देणार?" तू म्हणालास, "म्हणूनच त्याला तिथं बसवू नये. ज्याला आपलं माणूस हाय, त्यानं पाणी वाढू नये."

तोच तुझ्या भिक्षूंचा पहिला नियम झाला. खडी फोडता फोडता तू लोकांना गोष्ट सांगायला लागलास: एक बारव असते, तिला पाणी असतं, आणि तिच्यावर असे भिक्षू असतात ज्यांना आई नाही, बायको नाही, लेकरू नाही. त्यांना विकत घेता येत नाही, धाक घालता येत नाही, आणि त्यांचं माप हलत नाही. बाया हातातला हातोडा थांबवून ऐकायच्या. मीही ऐकायची. एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. मामानं भरलेल्या घागरीतलं पाणी मी वाटेत ओंजळभर प्यायले होते. ते मला गोड लागलं होतं.

पुढं मी नांदेडला शिकायला वसतिगृहात राहिले. महिन्यातून एकदा तू यायचास, मायनं दिलेल्या भाकरी-चटणीचा डबा आणि नव्या प्रकरणाचे कागद घेऊन. बाहेरच्या ओट्यावर बसून वाचायचास. माझ्या खोलीतली विमल ऐकायला यायची. अर्धापूरजवळच्या केळीच्या मळ्यावर तिचे आई-वडील मजुरी करायचे. ती शिक्षिका होणार होती आणि कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. तुझं पहिलं प्रकरण ऐकून ती म्हणाली, "एक इचारू का? तुमच्या भिक्षूंचा सैपाक कोण करतं?"

तू म्हणालास, "त्याचा कथेशी संबंध नाही."

"कसा न्हाई? सात जण दिवसभर काठ्या खेळून राहिले. भूक लागत आसंल का न्हाई? रांधणाऱ्या बाईला त्यांच्यातला एखादा तरी आवडत आसंल का न्हाई?"

तू चिडलास. पुढच्या महिन्यात आलास तेव्हा कथेत एक म्हातारा, बहिरा आचारी आला होता. विमल हसून हसून बेजार झाली. तुला हसू आवरलं नाही, हेही मी पाहिलं. त्यानंतर उत्पला कथेत कशी आली, ते मला कुणी सांगायला नको. उत्पलेच्या हनुवटीवर गोंदण होतं. विमलच्याही होतं.

माझा वाद तेव्हाच सुरू झाला आणि तू जाईपर्यंत मिटला नाही. मी म्हणायची, ज्याला कुणाची तहान ठाऊक नाही, तो बारवेवर उभा राहीलच कशाला? तू म्हणायचास, तहान सगळ्यांची सारखीच असते. मी म्हणायची, मग सगळ्यांवर जीव लावायला शिकव त्यांना, एकावरही नको हा कसला नियम? विहारात रोज मैत्रीची भावना म्हणतोस, ती काय नुसती म्हणायला? तू म्हणायचास, कुंदे, तू बाई आहेस, तुला कळायचं नाही. हे वाक्य तू एकदाच म्हणालास. पण मी ते विसरले नाही, आणि मेल्यावर माफ करायचं असतं हा नियम मला मान्य नाही.

लातूर जिल्हा झाला आणि नव्या कचेऱ्यांमध्ये भरती सुरू झाली. तुला कारकुनाची नोकरी लागली. तूच मला एका छापखान्यात चिकटवलंस, खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला. उलटी अक्षरं वाचायला तू शिकवलंस, आरशासमोर वर्तमानपत्र धरून. त्या कामावर मी पुढं सगळा संसार ओढला. ते तुझं देणं आहे आणि मी ते नाकारत नाही. तुझी पुस्तकं आमच्याकडंच छापली जायची. मारामारीच्या प्रकरणात 'खण्ण' इतक्या वेळा असायचं की अक्षरांच्या खणातले ण संपायचे. मग मालक मला दुसऱ्या कामातले ण उपसायला लावायचे. तुला सांगितलं तर तू म्हणालास, "शिस्तीनं लढतात ते. आवाज होणारच."

तुझ्याकडं टँकरच्या यादीचं काम होतं. म्हणजे तू खरोखरच बारवेवर जाऊन बसलास. एका कोरड्या उन्हाळ्यात आपलं गाव यादीत खाली होतं. वर घ्यावं असं कुणी म्हणालं नाही, मीसुद्धा नाही. पण माय आटलेल्या विहिरीच्या पायऱ्या उतरून झऱ्याचं पाणी भरायला गेली आणि घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात तू स्टुलावर दहा मिनिटं बसलास. मी विचारलं, एक टँकर दोन दिवस आधी पाठवता आला नसता? तू म्हणालास, "त्या दोन दिवसांत दुसऱ्या कुणाची माय पडली असती."

मायनं माझा हात दाबला. "त्याची यादी बरोबर आसंल गं," म्हणाली. ती शेवटपर्यंत काठी घेऊन चालली. तुझी यादी बरोबर होती, दादा. मी तपासली होती. ती बरोबर होती याचाच मला राग आहे. चूक असती तर तुला शिव्या घालून मोकळी झाले असते.

त्याच वर्षी शेवटचं पुस्तक आलं. विमल तेव्हा नांदेडला शाळेत शिकवत होती. तुमची पत्रं सुरू होती, मला दोन्हीकडून कळत होतं. तिच्या घरच्यांनी अर्धापूरचं एक स्थळ पाहिलं होतं. मुलगा नोकरीत होता, माणसं बरी होती. तिनं तुला लिहून विचारलं होतं, काय सांगू. त्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. माझ्यापुढं आलं ते तुझं हस्तलिखित. त्यात शेवट असा होता: "उत्पलेची घागर भरली. सुमेधनं पुढच्या बाईला हाक दिली. त्यानं मान वळवली नाही."

ते तिचं उत्तर होतं. पोस्टात पंधरा पैशांचं कार्ड मिळत असताना तू तिला छापील पुस्तकातून नकार देत होतास. आणि ती अक्षरं एक एक करून माझ्या हातानं जुळवून घेत होतास.

तू शेवटचं प्रूफ वाचून सही केलीस आणि गेलास. दुपारी मालक जेवायला घरी गेले. वीज नव्हती, पण आमचं छपाईचं यंत्र पायानं चालायचं. शेवटच्या पानावर खाली जागा मोकळी होती. मी फर्मा, म्हणजे पानाची आवळलेली चौकट, सोडला, तुझ्या ओळी उचलून परत खणात टाकल्या आणि माझ्या जुळवल्या. मालक परत यायच्या आत ते पान छापून काढलं. सही झालेल्या प्रुफात एक काना बदलायचा नाही, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. मी ती त्या दिवशी मोडली. एवढंच वाटत होतं की विमलनं हे पुस्तक वाचून रडू नये. तू चिडशील, मग विचार करशील, मग कदाचित तुलाच तो शेवट आवडेल, असंही वाटलं. मी पंचवीस वर्षांची होते.

तू गठ्ठे घेऊन गेलास. छापून आलेलं स्वतःचं पुस्तक तू कधी उघडायचा नाहीस, त्यामुळं तुला कळलंच नाही.

पंधरा दिवसांनी भरदुपारी तू छापखान्यात आलास. पुस्तक माझ्या खणावर ठेवलंस, शेवटचं पान वर करून. म्हणालास, "कुंदे, तू माझ्या बारवेत माती टाकलीस." एवढंच. नंतर माय जाईपर्यंत, अकरा वर्षं, तू माझ्याशी बोलला नाहीस. पुन्हा एक ओळही लिहिली नाहीस. लोकांना वाटलं कामाचा बोजा.

विमल त्या दिवशी लातूरला येऊन गेली, एवढं मला दुसऱ्याकडून कळलं. मी धरून चालले की तू तिला सगळं सांगितलंस, आणि म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. लाजेपोटी मीही तिला लिहिलं नाही. माझं लग्न झालं, लेक झाली, खिळे जाऊन संगणक आला, मालक गेले. तिनं लग्न केलं नाही हे कानावर आलं तेव्हा मी ते तुझ्याच नावावर टाकलं. ते मला सोपं गेलं.

काल जलदानाला घरच्यांना पुढं बोलावलं. घरचे म्हणजे मी आणि माझी लेक. आम्ही तांब्याला हात लावून वाटीत धार धरली. वाटी भरून पाणी ताटात सांडत होतं. मी विमलकडं पाहिलं. ती जागची उठली नाही.

माणसं पांगल्यावर ती माझ्याकडं आली. माझे दोन्ही हात धरले. हनुवटीवरचं गोंदण अजून तसंच आहे. मी म्हटलं, "तू माझं तोंड पाहशील असं वाटलं नव्हतं."

"का गं? तूच कधी लिहिलं न्हाईस. मला वाटलं, भावाला नादी लावलं म्हणून रागावलीस."

मला काही कळेना. मी विचारलं, "त्या दिवशी दादा तुला काय म्हणाला?"

तिनं सगळं नीट सांगितलं. पुस्तक वाचून तिनं अर्धापूरच्या स्थळाला नकार दिला होता. ट्रंक घेऊन नांदेडहून एसटीनं आली होती. तू स्टँडवरच्या हॉटेलात तिला चहा दिलास. तिनं पुस्तक उघडून शेवटचं पान तुझ्यापुढं ठेवलं. "त्यांनी दोन बार वाचलं. च्या गार झाला. मी म्हणलं, तुम्हीच लिवलंय न्हवं हे? मंग म्हणले, हो, मीच."

"तो 'मीच' म्हणाला?"

"हाव. म्हणले, लिहिताना वाटलं जमंल. जगायला जमंना झालंय. मी म्हणलं, मी थांबते. तर न्हाई म्हणले न्हाईत. मला पुन्हा नांदेडच्या गाडीत बसवून दिलं." ती थोडी हसली. "मला तेवढं पान पुरलं बघ, कुंदे. ज्या माणसानं हे लिवलं, त्याच्या पोटात माया हाय, आज न्हाई तर उद्या यील. दर दुष्काळात मला वाटायचं, आता तांब्या खाली ठिवतील."

दादा, एक वाक्य बोलायचं होतं तुला. 'हे माझं नाही, कुंदाचं आहे.' ती मला शिव्या देऊन गेली असती, अर्धापूरला नांदली असती, नाहीतर तिच्या मर्जीनं एकटी राहिली असती. पण तिनं माझं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. मालकांच्या कानावर गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती. तू ते दोनदा वाचलंस, चहा गार होईपर्यंत हिशेब केलास आणि बहिणीला वाचवलंस. माप हलवलंस. आयुष्यात एकदाच, आणि तेही माझ्यासाठी. माझी घागर काठोकाठ भरलीस, आणि माझ्यामागं उभी होती ती विमल.

म्हणजे वाद तू जिंकलास. ज्याला आपलं माणूस आहे, त्यानं पाणी वाढू नये. त्याचा पुरावा तूच निघालास, आणि तो मला कळू न देता मरून गेलास. अकरा वर्षं बोलला नाहीस ते रागानं, असं मी समजत होते. आता वाटतं, मामासारखा वागलास याची तुला लाज वाटत असेल. मला तुझा अभिमान वाटायला हवा, उपकार वाटायला हवेत. वाटतात, आणि त्यामुळं राग आणखी वाढतो. कुणी मागितलं होतं तुझं ते भरलेलं माप? मी अकरा वर्षांची नव्हते. तुझे ते सात भिक्षू मला कधीच आवडले नाहीत. पण त्यांच्यातला एकही इतका भित्रा नव्हता.

मग मी विमलला सांगितलं. काल नाही सांगितलं तर कधीच नाही, हे मला समजलं होतं. फर्मा, प्रूफ, मोकळी जागा, सगळं. ती ऐकत असताना माझे हात तिच्या हातात होते. ते तिनं हळूच सोडले आणि पदर नीट केला.

"चारी वळी?"

"चारी."

मग अगदी साध्या आवाजात, शाळेत एखाद्या पोरीला विचारावं तसं तिनं विचारलं, "मंग मी कुणासाठी थांबले गं?"

तू असतास तर तुलाही उत्तर आलं नसतं, पण निदान तू तिथं उभा असायला हवा होतास.

ती लगेच निघाली. ती नको म्हणत असताना मी तिच्याबरोबर स्टँडवर गेले. ते हॉटेल आता नाही. चहा घेतेस का विचारलं, नको म्हणाली. नांदेडची गाडी लागली होती. तिला खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवीतून तिनं पुस्तक काढलं, आपलं शेवटचं, कव्हर घातलेलं, आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं. मी खाली उभी राहून तिला हाक मारली, दोनदा.

गाडी फाटकातून बाहेर पडेपर्यंत मला तिचा चेहरा एका बाजूनं दिसत होता. विमलनं मान वळवली नाही. तुझ्या हस्तलिखितात होतं, अगदी तसंच.